माझं वाक्य मला पुरं करू द्या

आरती म्हणताना मी आजवर कधी अडखळलेले नाही. कऱ्हाडच्या आमच्या घरी गणपतीत शेजारीपाजारी जमायचे, टाळांचा गजर व्हायचा आणि पहिल्या आरतीपासून मंत्रपुष्पांजलीपर्यंत माझा आवाज सगळ्यांबरोबर मोकळा चालायचा. शाळेतली प्रतिज्ञा, वर्गाने एका सुरात म्हटलेले पाढे, एकादशीला आजीबरोबरचा हरिपाठ, कुठेच काही अडत नसे. मग आरती संपायची. आत्या खिरापतीची वाटी हातात घेऊन विचारायची, "कुणी केली गं?" आणि 'काकूनं' या शब्दातल्या 'का'पाशी माझा घसा मिटायचा. हवा आत, आवाज आत, तोंड उघडं. आत्या क्षणभर थांबायची आणि स्वतःच म्हणायची, "काकूनं होय? छान झालीय."

देवापुढे उभी असेपर्यंत जीभ सुटते आणि पाठ फिरली की पुन्हा बांधली जाते, असंच मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. पुढे पुण्यात एका स्पीच थेरपिस्टबाईंनी सांगितलं, की यात देवाधर्माचा संबंध नाही. तोतरेपणा असलेली बहुतेक सगळी माणसं समूहाबरोबर बोलताना जवळजवळ सफाईदार बोलतात. जगभरच्या प्रयोगशाळांत हे पुन्हा पुन्हा तपासलं गेलंय. गाताना अडत नाही, ठोक्यावर बोललं तर बरंच कमी अडतं, एकट्याने किंवा मांजराशी बोलताना तर क्वचितच. पुढचा ध्वनी नेमक्या क्षणी सुटावा यासाठी मेंदूत खोलवर वेळेचा हिशोब ठेवणारी एक यंत्रणा असते, तिथे आमचा हिशोब चुकतो, असं आज बरेच संशोधक मानतात. शेजारी कुणी तेच शब्द बोलत असेल, ताल धरत असेल, तर ती वेळ बाहेरून मिळते आणि आतल्या हिशोबावर विसंबावं लागत नाही.

हे ऐकल्यावर मला फार हलकं वाटलं. कारण "आरती म्हणताना बरं येतं तुला!" हे वाक्य मी आयुष्यभर आरोपासारखं ऐकत आले होते. म्हणजे येतं, पण तू करत नाहीस. मन लावत नाहीस. किंवा घाबरतेस, उगीचच. घाबरणं असतं, नाही कशाला म्हणू? पण ते नंतर येतं. अडीच-तीन वर्षांचं मूल अडखळायला लागतं तेव्हा त्याला कसलीच भीती ठाऊक नसते. ते जीपचं चाक फिरवत 'म-म-म-मला' म्हणतं आणि पुढे खेळत राहतं. भीती बाकीचे आणून देतात, एकेक करून, बहुतेक वेळा प्रेमाने.

तोतरेपणा म्हटलं की लोकांना 'क-क-क' एवढंच आठवतं, कारण नाटक-सिनेमांनी तेवढंच दाखवलं आणि तेही हसवण्यासाठी. पण अक्षर पुन्हा पुन्हा येणं हा एक प्रकार झाला. दुसऱ्यात आवाज लांबतो, 'सssssातारा'. तिसरा माझा: काहीच येत नाही. तोतऱ्या माणसांच्या आमच्या गटात सगळे त्याला 'ब्लॉक' म्हणतात. बाहेरच्याला तो दिसतही नाही, फक्त मी गप्प झालेली दिसते, कदाचित डोळे मिटतात, मान थोडी हलते. शब्द मला ठाऊक असतो. समोरचा मात्र मला शब्द आठवत नाही असं समजून एकेक पर्याय पुढे करत राहतो, आणि मी प्रत्येकाला मान हलवून नाही म्हणत राहते. कधी कधी थकून चुकीच्या पर्यायाला हो म्हणते. अशी हो म्हणून घरी आणलेली साडी माझ्याकडे अजून आहे. रंग मला कधीच आवडला नाही.

शंभर प्रौढांत साधारण एक जण तोतरा असतो. त्यात पुरुष जास्त. चार पुरुषांमागे एक बाई असं प्रमाण सांगतात. लहानपणी मुलगे आणि मुली यांच्यातलं अंतर इतकं नसतं, पण मुलींपैकी जास्त जणींचं अडखळणं वाढत्या वयात थांबतं. माझं थांबलं नाही. आणि बाई असल्यामुळे माझ्या तोतरेपणाला एक फार सोयीचा बुरखा मिळाला, ज्याबद्दल कुठे काही लिहिलेलं मला आढळलेलं नाही. मुलगा गप्प बसला तर घरचे काळजी करतात. मुलगी गप्प बसली तर तिचं कौतुक होतं.

मला बघायला मंडळी येणार होती तेव्हा मामीने बजावलं होतं, विचारतील तेवढंच सांग. मी विचारलेलंही पुरतं सांगितलं नाही. मंडळी खूश होऊन गेली. मुलगी शांत आहे, मोठ्यांपुढे बोलत नाही, असा निरोप आला. घरात आनंदीआनंद होता आणि मला आतून कापरं भरलं होतं, कारण पसंत पडली होती ती मी नव्हतेच. मी मुलाला पत्र लिहिलं. पत्रात सगळं सांगितलं: बोलताना अडते, जन्मभर अडेन, तुमच्या घरी फोन आला तर मी उचलणार नाही, पाहुण्यांपुढे बोलणार नाही. त्याच्या उत्तरात त्याबद्दल एकच ओळ होती, की समजलं. पुढे दोन पानं भरून त्याने विचारलं होतं, की पुण्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला चालेल का, नोकरी करायची आहे का, आणि मला पोहायला येतं का, कारण कृष्णेकाठच्या मुलींना येतं असं त्याने ऐकलं होतं.

लग्नात उखाणा घ्यावा लागणार हे ठरलेलंच होतं. उखाण्याची गंमत अशी, की त्याला ताल असतो, त्यामुळे पहिली ओळ मला सहज जमते. 'कृष्णा-कोयना भेटतात प्रीतिसंगमाच्या काठी' इथवर मी झऱ्यासारखी गेले. मग येतं नाव. आणि नावाच्या आधी सगळ्या बायका एकदम गप्प होतात, कान टवकारतात. तोतऱ्या माणसासाठी याहून अवघड जागा कुणी मुद्दाम रचायची म्हटली तरी रचता येणार नाही. ताल तुटलेला, सगळ्यांच्या नजरा तोंडावर, आणि जो शब्द म्हणायचा त्याला दुसरा पर्याय नाही. नवऱ्याचं नाव 'द'ने सुरू होतं. माझी जीभ दातांमागे चिकटली ती चिकटलीच. मी डोळे मिटले. मान खाली गेली. आणि मांडवात खसखस पिकली: "लाजली गं, लाजली!" नणंदेने पुढे होऊन नाव घेतलं, ओळ पुरी केली, टाळ्या पडल्या.

त्या दिवशी मी लाजलेच नव्हते. मला ते नाव घ्यायचं होतं. सासरी पुढे तो किस्सा कौतुकाने सांगितला जाई आणि मी हसून ऐकत असे, कारण लाजाळू असणं हे तोतरं असण्यापेक्षा परवडण्यासारखं होतं. असा सौदा मी पुष्कळ ठिकाणी केला. माझ्यासारख्या बहुतेकांनी केलेला असतो. ज्यांचं तोतरेपण कुणाच्या लक्षातच येत नाही अशी माणसं आमच्यात खूप आहेत, आणि त्यांच्याइतकी मेहनत कुणाची नसते. दिवसभर मनात शब्द बदलत राहायचे. कोथरूड डेपोचं तिकीट काढायचं, पण 'को' निघणार नाही हे दोन थांबे आधीच कळतं, म्हणून 'वनाज' म्हणायचं आणि एक थांबा आधी उतरून चालायचं. हॉटेलात जे खायचंय त्याऐवजी जे म्हणता येतं ते मागवायचं. मित्रमंडळींत विनोद सुचला तरी सांगायचा नाही, कारण विनोदाचा शेवटचा शब्द बदलता येत नाही. जोसेफ शीहान नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, स्वतः तोतरे. त्यांनी म्हटलं होतं, की तोतरेपणा हिमनगासारखा असतो. जो ऐकू येतो तो वरचा लहानसा तुकडा, आणि लाज, टाळाटाळ, अपराधीपणा हा सगळा मोठा भाग पाण्याखाली. ज्याचा वरचा तुकडा सर्वांत लहान, त्याचा खालचा बहुतेक वेळा सर्वांत मोठा असतो, हे मी माझ्या अनुभवाने त्यात जोडते.

आपलं स्वतःचं नावही असंच. जगातला तो एकच शब्द, जो विसरले असं सोंग आणता येत नाही. शाळेत हजेरीला नुसतं 'हजर' म्हणायचं असे, तरी माझा क्रमांक जवळ येऊ लागला की पोटात गोळा उठायचा. एका बाईंनी मला हजेरीपुरता हात वर करायची मुभा दिली. त्यांचा हेतू चांगलाच होता आणि मला तेव्हा हायसंही वाटलं. पण त्या सवलतीतून मी जे शिकले ते असं, की माझा आवाज न ऐकणं सगळ्यांच्याच सोयीचं आहे.

आता आईबद्दल. मला हा लेख खरं तर तिच्यासाठी लिहायचा होता.

मी तीन वर्षांची असताना अडखळू लागले आणि त्या दिवसापासून आईची चौकशी सुरू झाली. पोटुशी असताना ग्रहणात काही चिरलंस का? घाबरली होतीस का? ही डावरी होती, तिला उजव्या हातावर आणलीस, म्हणून झालं असेल. तू फार रागावतेस. तू फार लाड करतेस. वेखंड मधात उगाळून माझ्या जिभेला लावलं, अक्कलकारा चघळायला दिला, शंखात रात्रभर ठेवलेलं पाणी पाजलं. कुणीतरी जिभेखालची शीर कापून आणा म्हणालं, त्याला मात्र आई ठाम नाही म्हणाली. तिचं मी किती उतराई होऊ! १८४१ मध्ये बर्लिनला डीफेनबाख नावाच्या नामांकित शल्यविशारदाने तोतऱ्या माणसांच्या जिभेच्या मुळाचा तुकडा कापून काढण्याच्या शस्त्रक्रिया केल्या होत्या. भूल देण्याची पद्धत अजून यायची होती. युरोपात इतरांनीही काही काळ त्याचा कित्ता गिरवला. जिभेत दोष नसतोच, हे त्यांना त्या माणसांचं गाणं ऐकून कळलं असतं.

आईला दोष देण्याचं काम फक्त कऱ्हाडच्या वाड्यात चालू होतं असं मला वाटत असे. मग आयोवाची हकीकत वाचनात आली. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १९२० आणि १९३० च्या दशकांत तोतरेपणाच्या अभ्यासाचं मोठं केंद्र होतं. तिथे आधी डावऱ्या-उजव्या हाताचा सिद्धांत जोरात होता, आमच्या आजीच्या म्हणण्याच्या अगदी जवळचा. वेंडेल जॉन्सन हे तिथे विद्यार्थी म्हणून आले ते स्वतःच्या तोतरेपणावर उपाय शोधत, आणि डावखुरं होण्याचा खटाटोप त्यांनी बरीच वर्षं केला. उपयोग झाला नाही. मग त्यांनी वेगळा विचार मांडला: लहान मुलं सगळीच थोडीफार अडखळतात, पण आईबाप त्याला दोष म्हणतात, सारखं टोकतात आणि त्यातून तोतरेपणा जन्मतो. म्हणजे रोग मुलाच्या तोंडात नसून पालकांच्या कानात सुरू होतो.

हे पडताळायला १९३९ मध्ये जानेवारी ते मे या काळात त्यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने डेव्हनपोर्टच्या अनाथाश्रमातल्या २२ मुलांवर प्रयोग केला. त्यांतली काही मुलं नीट बोलणारी होती. त्यांना सांगण्यात आलं, की तुम्ही तोतरे व्हायला लागला आहात, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका. ती मुलं कायमची तोतरी काही झाली नाहीत. पण त्यांतली काही बोलायला बिचकू लागली, अभ्यासात मागे पडली, मिटून गेली. मुलांना खरं काय ते कुणी सांगितलं नाही. २००१ मध्ये वर्तमानपत्रातून ही गोष्ट बाहेर आली, विद्यापीठाने माफी मागितली, आणि २००७ मध्ये आयोवा राज्याने त्यांतल्या काहींना आणि काहींच्या वारसांना भरपाई दिली. तोवर ती मुलं म्हातारी झाली होती. अनाथाश्रमातली पोरं. त्यांच्या बाजूने भांडायला कुणी नव्हतं म्हणूनच ती निवडता आली, असं मला वाटतं.

प्रयोगाने सिद्धांत सिद्ध केला नाही, तरी पुढची काही दशकं तो चालला. किती आयांना डॉक्टरांच्या खोलीत बसवून सांगितलं गेलं असेल, की हे तुमच्यामुळे आहे. त्याच वर्षी, १९३९ च्या सप्टेंबरमध्ये, इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज, तोही तोतराच, रेडिओवरून युद्धाची बातमी देशाला सांगत होता, एकेक शब्द थांबून, तोलून. सोबत होते लायनेल लोग नावाचे ऑस्ट्रेलियन वाचा-शिक्षक, ज्यांच्याकडे डॉक्टरकीची कसलीही पदवी नव्हती. तोही राजा जन्माने डावखुरा, आणि त्यालाही उजव्या हाताने लिहायला लावलेलं. हातामुळे वाचा अडते हे पुढे संशोधनात टिकलं नाही. पण दोष कुणावर तरी टाकायचाच असेल तर राजवाड्यातही तोच हात सापडतो आणि कऱ्हाडातही तोच.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या एका संशोधक-गटाने पाकिस्तानातल्या तोतरेपणा चालत आलेल्या कुटुंबांच्या अभ्यासातून तीन जनुकांमधले बदल शोधून काढले. पेशीतला कचरा निस्तरणाऱ्या यंत्रणेशी त्या जनुकांचा संबंध आहे. सगळ्यांचाच तोतरेपणा त्यातून उलगडत नाही, थोड्यांचाच उलगडतो. पण हे घराण्यातून उतरतं, याला जुळ्यांच्या अभ्यासांतूनही भक्कम आधार आहे. मी हे आईला सांगायला मुद्दाम कऱ्हाडला गेले. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. ती शेंगा सोलत बसली होती. मी अडखळत, वेळ घेत, सगळं सांगितलं: आई, हे रक्तातून येतं, तू काही केलं नव्हतंस.

ती बराच वेळ शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "तुझे चुलत आजोबा असेच होते. पाटण्याला असायचे. फार कमी बोलायचे. घरात कुणी नाव काढत नसे त्या गोष्टीचं."

पन्नाशी जवळ आलेली मी, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आईला सासरी आल्यापासून ठाऊक होतं. तिच्यावर बोट रोखणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मला त्या दिवशी जो राग आला तो अजून पुरता गेलेला नाही, आणि तो घालवायची मला घाईही नाही.

मी एका निर्यात कंपनीत हिशोब बघते. तिथे इंग्रजी सतत कानावर असतं, त्यामुळे 'स्टटर' हा शब्दही. अमेरिकन माणूस 'स्टटर' म्हणतो, इंग्रज 'स्टॅमर', पण यंत्र आणि बाजार यांच्या बाबतीत बहुधा 'स्टटर'च चालतो. अर्थव्यवस्था स्टटर करतेय, इंजिन स्टटर करतंय. ऑफिसातली पोरं मोबाइलवर गेम खेळताना चित्र अडकलं की तेच म्हणतात. सुरळीत चालायला हवं होतं आणि बिघडलंय, एवढाच त्याचा भाव. यावर मी कुणाला अडवत नाही. भाषा अशीच पसरते. एक वाक्य मात्र मला लागतं. 'डिड आय स्टटर?' मी काय तोतरं बोललो का, म्हणजे माझं बोलणं स्पष्ट होतं, पुन्हा विचारू नकोस. चॅटवर त्याचं चित्र टाकतात, टी-शर्टावर छापतात. त्यात गृहीत असं आहे, की जो अडखळतो त्याचं म्हणणं अस्पष्ट असतं, त्याला काय हवंय हे त्यालाच धड ठाऊक नसतं. माझ्या टीममधल्या एका तरुण मुलीने ते मीटिंगमध्ये कुणाला तरी म्हटलं. मी नंतर तिला बाजूला घेऊन सांगितलं, की मी अडखळते, आणि माझं म्हणणं नेहमी स्पष्ट असतं. ती खरोखर विचारात पडली. इतकी वर्षं शेजारी बसून तिला ठाऊकच नव्हतं, मी तोतरी आहे हे. माझं लपवणं इतकं चोख झालं होतं.

ती गोष्ट मला पुण्यातल्या गटाकडे घेऊन गेली. तोतऱ्या माणसांनी तोतऱ्या माणसांसाठी चालवलेली द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन २००८ पासून आहे. सगळे तिला 'तिसा' म्हणतात, आणि गावोगावी तिचे स्वमदत गट आहेत. पहिल्यांदा गेले तेव्हा खोलीत बहुतेक मुलगे होते, इंजिनिअरिंगचे, स्पर्धा परीक्षांचे, एक रिक्षावाले काका. प्रत्येक जण नाव सांगत होता आणि प्रत्येक जण अडत होता आणि कुणी कुणाचं नाव पुरं करत नव्हतं. एका मुलाला स्वतःचं नाव सांगायला जवळजवळ मिनिट लागलं. कुणी घड्याळ पाहिलं नाही, कुणी खाली बघितलं नाही. माझी पाळी आली तेव्हा मी माझं नाव घेतलं, अडले, थांबले, पुन्हा घेतलं.

तिथे अडखळणं बंद करायला शिकवत नाहीत. चार्ल्स व्हॅन रायपर या अमेरिकन थेरपिस्टने, तेही तोतरेच, घालून दिलेली वाट अशी आहे, की अडखळायचंच आहे तर कमी ताण देऊन, सोपं करून अडखळायचं. अडलेल्या शब्दाशी झटापट करायची नाही. थांबायचं, पुन्हा हळूच धरायचा. आणि कधी कधी मुद्दाम अडखळायचं. हे शेवटचं ऐकून मी घरी परत जायला निघाले होते. पण पुढच्या बैठकीत त्यांनी दुकानांना फोन लावायला सांगितलं. मी एका किराणा दुकानाला फोन लावून 'खो-खो-खो-खोबरं' असं मुद्दाम म्हटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा अडखळणं माझ्या हातात होतं. दुकानदार म्हणाला, "खोबरं आहे ना ताई, कोरडं पायजे का ओलं?"

हल्ली मी बोलण्याच्या आधीच सांगून टाकते: "मी अडखळत बोलते, थोडा वेळ लागेल." बहुतेक माणसं थांबतात. जी थांबत नाहीत, ती बहुधा यंत्रं असतात. ग्राहकसेवेला फोन केला की आता बटणं दाबायच्या ऐवजी बोला म्हणतात. मी क्रमांकाच्या पहिल्या आकड्यावर अडते, पलीकडचा आवाज गोड मराठीत 'आपला आवाज आला नाही' म्हणतो आणि फोन बंद करतो. माणसाचं थांबणं हे मौन समजायला त्या यंत्राला कुणीतरी शिकवलंय, ज्याला आम्ही कधी आठवलोच नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषेच्या अक्षमतेची व्याख्या आहे, तिच्यात स्वरयंत्र काढलेली माणसं आहेत, मेंदूच्या इजेने वाचा गेलेली आहेत. तोतरेपणाचं नाव नाही. स्वतःला दिव्यांग म्हणवून घ्यावं की नाही यावर आमच्या गटात जोरदार वाद होतात. माझं मत असं, की तोंडी परीक्षेत आणि मुलाखतीत जास्त वेळ मागायचा हक्क कागदावर हवा. मग कुणी स्वतःला काय म्हणवून घ्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

गेल्या वर्षी माझ्या भाचीचा मुलगा अडखळू लागला. साडेतीन वर्षांचा. भाचीचा फोन आला तेव्हा ती रडत होती, आणि माझ्यासमोर रडतेय म्हणून तिला आणखीच वाईट वाटत होतं. "मावशी, तसं नाही गं मला म्हणायचं..." मी म्हटलं, रड तू, आणि मग ऐक. लहानपणी शंभरातली पाचेक मुलं अशी अडखळतात, बहुतेकांचं आपोआप थांबतं. पण आपल्या घराण्यात आहे, म्हणून नुसती वाट बघत बसू नकोस. मुंबईला आहात तर नायर रुग्णालयात किंवा वांद्र्याच्या अली यावर जंग वाचा-श्रवण संस्थेत दाखव. 'सावकाश बोल', 'श्वास घे', 'पुन्हा नीट म्हण' यांतलं काहीही म्हणायचं नाही. स्वतः जरा सावकाश बोल. प्रश्नांचा भडिमार कमी कर. आणि ही तुझी चूक नाही. हे मी तिला दोनदा सांगितलं, कारण तिच्या आजीला ते कुणीच सांगितलं नव्हतं.

मे महिन्यात सगळे कऱ्हाडला जमलो होतो. आमरसाचं जेवण, पंगत बसलेली. पोराने सकाळी रस्त्यावर जेसीबी पाहिला होता आणि त्याला ते सांगायचं होतं. 'जे-जे-जे' करत तो अडला. माझ्या समोरच्या पानावर दाजी, म्हणजे त्याचे आजोबा. जिवाचे तुकडे करून देतील असा माणूस. त्यांनी लगेच तोंड उघडलं, शब्द द्यायला. भाचीने ताटावरून हात पुढे करून त्यांच्या मनगटावर ठेवला, आणि दाजी तोंड तसंच उघडं ठेवून थांबले. पोराने 'जेसीबी' काढला. मग खड्डा, मग पाइप, मग पाइपातून उडालेलं पाणी, मग ओला झालेला कुत्रा. प्रत्येक वस्तूपाशी तो अडला आणि प्रत्येक वस्तू त्याने पानावर आणून ठेवली. पुऱ्या गार होत होत्या.

"मग काय रे," दाजींनी विचारलं, "त्या जेसीबीत डायव्हर होता का न्हाई?"

"ह-ह-ह-होता!" पोरगं गुडघ्यांवर उठून बसलं. "त्या-त्या-त्याला पण पाणी..."